तपासणीच्या चुली

केसरीनाथ बामा तरे यांना आयुष्यात एकच पदवी मिळाली, आणि तीही पोस्टाकडून.

झालं असं, की दापोड्यातली त्यांची हायवेकडची शेती सत्त्याण्णव साली एका गोडाऊनवाल्याने घेतली. तीन भावांचे सामाईक पैसे आले. आजूबाजूचे लोक असल्या पैशांतून सुमो घेत होते, लग्नाच्या हळदीला तीन-तीन बेंजो पथकं लावत होते. केसरीनाथ भावांत थोरले, पन्नाशी ओलांडलेले आणि स्वभावाने भित्रे. ते भिवंडीत एका वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, थोडे पैसे दर वर्षी पोस्टात पीपीएफमध्ये टाका. पंधरा वर्षं हात लावायचा नाही, पण व्याजावर एका पैचा कर नाही. आणि खातं सगळ्या घराच्या नावानं काढू, म्हणजे भावाभावांत कटकट नको. त्याने फॉर्म पुढे ओढला, 'हिंदू अविभक्त कुटुंब' असं लिहिलं आणि विचारलं, "कर्ता कोण?"

"म्हंजे त्याला काय करायला लागतं?" केसरीनाथांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. सही."

एवढंच काम असेल तर आपल्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नाही, हे केसरीनाथांना तिथल्या तिथे पटलं. पासबुक हातात आलं तेव्हा त्यावर नावापुढे स्वच्छ अक्षरात 'कर्ता' लिहिलेलं होतं. घरी येताना रिक्षात त्यांनी ते तीन वेळा उघडून बघितलं. माणूस सातवी नापास, ग्रामपंचायतीला दोनदा उभा राहून दोनदा आपटलेला. त्याला सरकारने आपणहून कर्ता म्हटलं होतं. आठ दिवसांत त्यांनी भिवंडीतून रबरी शिक्का बनवून आणला आणि दिसेल त्या कागदावर मारायला सुरुवात केली. लग्नपत्रिका, आहेराची पाकिटं, गॅसची पावती, कशालाच सुट्टी नव्हती. धाकट्या भावाने, नामाने, एकदा विचारलं होतं, की दादा, म्हशीला पन मारता का? केसरीनाथ आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

कर्तेपण म्हणजे त्यांच्या लेखी काय, तर एक वाक्य. घरी कोणी पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या यायच्या आत ते म्हणत, "एकोणीस मानसं, एक चूल." मग गप्प बसून पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत. पाहुणा थक्क झाला नाही, तर पुन्हा म्हणत. बंगला नवा, दोन मजली, ओट्याला काळा ग्रॅनाइट. पण स्वयंपाकघर एकच. केसरीनाथ, मधले रामनाथ, धाकटे नामा, तिघांच्या बायका, मुलं, सुना, नातवंडं, सगळी तिथलंच जेवत. स्वयंपाकघराचा कारभार केसरीनाथांच्या बायकोकडे होता. तिला सगळं गाव आक्का म्हणे. तिच्या हाताखाली रामनाथची हौसा आणि नामाची तुळजा. कालवणात मीठ किती, भाकरी किती, कोळंबी आज का उद्या, हे आक्का ठरवायची. केसरीनाथांनी त्या खोलीत जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. तरी चूल आपल्या सहीवर चालते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता सरकारने दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात पीपीएफचा एक नियम बदलला. दापोड्याला तो दिवाळीनंतर पोचला. आणला रामनाथच्या मितेशने. मितेश गोडाऊनवर सुपरवायझर. एके सकाळी टपरीवर चहा पिता पिता तो मोठ्यानं पेपर वाचत होता. "हिंदू अविभक्त कुटुंबांना यापुढे पीपीएफ खाते..." एवढं वाचलं आणि त्याचा मोबाइल वाजला. फाट्यावर कंटेनर अडकला होता. मितेश बाइकला किक मारून गेला, आणि पेपरही घेऊन गेला.

उरलेलं वाक्य मग टपरीने पूर्ण केलं. पहिल्या चहाला 'अविभक्तांचं खातं बंद' इथवर मजल गेली. दुसऱ्या चहाला 'आजवरच्या व्याजावर कर' लागला. तिसरा चहा संपेपर्यंत सरकारने एकत्र कुटुंबच बंद केलं होतं. ज्यांचं पोस्टात खातं सोडा, पोस्टकार्डसुद्धा नव्हतं, तेही कपाळाला हात लावून बसले. दुपारी शेजारची ठकुबाई तावातावाने केसरीनाथांच्या दारात आली. तिच्या कानावर फक्त 'अभक्त' एवढाच शब्द पडला होता. "आमच्या घरान रोज भजन व्हतं," ती म्हणाली, "आमाला अभक्त बोलनारं सरकार कोन?" तिची समजूत घालता घालता तिच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या केसरीनाथांनीच रिकामा केला.

कारण खरा धक्का त्यांनाच बसला होता. गावात कुटुंबाच्या नावाचं खातं त्यांचं एकट्याचं. एकत्र राहिलं तर कर लागणार, विभक्त झालं तर कर्तेपण जाणार. ते रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी मात्र तोड सापडली, आणि ती त्यांना गावच्या जुन्या अनुभवातून सापडली.

गावात वेगळं रेशनकार्ड काढायचं असलं, की रेशनिंगचा इन्स्पेक्टर घरी येऊन चुली मोजायचा. जितक्या चुली तितकी कुटुंबं. त्यामुळे दोन चुली दाखवून एका चुलीवर जेवणारी घरं दापोड्यात पैशाला पासरी होती. त्या चुलीला नावच होतं, तपासणीची चूल. केसरीनाथांनी भावांना आणि भावजयांना ओटीवर बोलावलं.

"पोस्टाचा सायेब तपासनीला येनार. तवा चुली तीन दिसल्या पायजेत. दाखवायला विभक्त, आतून एकत्र. कलला?"

"गॅसच्या शेगड्या आनू की तीन," रामनाथ म्हणाला.

"शेगडी कोनी बी उचलून ठेवील. सायेब काय येडा हाय? मातीची पायजे. जमिनीला चिकटलेली."

हौसा आणि तुळजा पदराआडून एकमेकींकडे बघत होत्या. आक्का तांदूळ निवडत होती. नामाची मुलगी करिष्मा बी.कॉम. झालेली, पोस्टाच्या बचत योजनांची नवी एजंट. ती म्हणाली, "मोठे बाबा, एकदा पोस्टात विचारू या ना." पण जिचा जन्म आपल्या डोळ्यांसमोर झाला, तिचं पोस्टाच्या बाबतीत काय ऐकायचं? केसरीनाथांनी हातानेच तिला गप्प केलं.

चुली घालायला मंगळीला बोलावलं. मंगळी अकलोलीकडच्या पाड्यावरची. गोडाऊनवर मजुरीला यायची आणि सवडीने चुली घालून विकायची. एक मागच्या पडवीत आक्काची, एक वरच्या गॅलरीत हौसाची, एक जिन्याखाली तुळजाची. टाइल्सवर माती थापता थापता मंगळी हसायला लागली.

"येका घरान तीन चुली? तुमची भांडनं झाली का?"

"सरकारचा कायदा हाय," केसरीनाथ गंभीरपणे म्हणाले.

"आमच्या पाड्यावं न्हाय आला."

"तुमचं पोस्टान खातं हाय का?"

"न्हाय."

"मंग कसा येनार?"

मंगळीला हे पटलं. त्या आठवड्यात तिने गावात आणखी अकरा चुली घातल्या. खातं नसलेल्यांनीही घालून घेतल्या. पुढेमागे खातं काढलंच तर आयत्या वेळी धावपळ नको. केसरीनाथांकडून निघताना तिने आक्काला उठताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हताना बघितलं. "आमच्याकरं या की अकलोलीला," ती म्हणाली. "उन्हाल्याच्या, गरम पान्याच्या कुंडान पाय सोडून बसा. आराम परंल." आक्का म्हणाली, मला कुठली फुरसत.

इथवर सगळं केसरीनाथांच्या हुकमाप्रमाणे चाललं होतं. घोटाळा केला तो काजळीने. नव्या कोऱ्या चुली बघून कुठलाही इन्स्पेक्टर ओळखणार, की ह्या कालच घातल्या आहेत. त्यांना काजळी हवी, भिंत काळी व्हायला हवी. म्हणून केसरीनाथांनी दुसरा हुकूम सोडला, "पंदरा दिवस तिन्ही चुलींवं खरोखरचं रांधा."

आणि घर हातातून गेलं.

पहिल्या दिवशी हौसाने गॅलरीत खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं. आक्काच्या स्वयंपाकघरात तिखट बेताचं असायचं, म्हातारीकोतारी आणि लहानसहान सगळ्यांना चालेल असं. हौसाने सव्वीस वर्षांची भूक त्या एका टोपात भागवली. वास जिन्यावरून खाली उतरला तेव्हा केसरीनाथांच्या पानात दुधीची भाजी होती. निवटे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण भावजयीच्या चुलीपाशी थोरल्या दिराने वाडगा घेऊन कसं जायचं? ते दुधी चावत बसले. चौथ्या दिवशी तुळजाने जिन्याखाली अंड्याची पोळी केली, तीही सकाळी आठला, कोणाला न विचारता. रामनाथचं पोट पुढे आलं. नामा बायकोशी बोलता बोलता जेवतो अशी बातमी आली. पूर्वी संध्याकाळी पंगत बसायची, नऊ-दहा बाप्ये ओळीने, आणि पहिला पाट केसरीनाथांचा. आता समोर मुलगा, तोही मोबाइलमध्ये डोकं घालून.

दहाव्या दिवशी रामनाथने पाच लिटरचा कुकर आणला. केसरीनाथांना त्याने विचारलं नाही, आणून दाखवलाही नाही. शिट्टी ऐकून त्यांना कळलं. शेतावरच्या बैलापासून सुनेच्या डोहाळजेवणापर्यंत ह्या घरात काही त्यांना विचारल्याशिवाय झालं नव्हतं. काय विचारताय, घ्या की, एवढंच ते म्हणत. पण विचारायला तर यायचे. चुली तीनच राहिल्या, तर ते उद्या एका बायकोचे नवरे आणि एका मुलाचे बाप एवढेच उरणार होते. ह्या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी होतं.

तपासणी एकदाची उरकली, की चुली फोडायच्या असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. रोज सकाळी ते बॅटरी घेऊन तिन्ही भिंतींची काजळी तपासत आणि फाटकात खुर्ची टाकून बसत. खाकी कपड्यांतला कोणीही दिसला की उठून उभे राहत. दोन वेळा कुरियरवाला आला, एकदा गॅसवाला. गॅसवाल्याला त्यांनी तिन्ही चुली दाखवल्यासुद्धा. तीन आठवडे झाले, इन्स्पेक्टर काही फिरकेना. शेवटी एका मंगळवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला, पासबुक घेतलं आणि करिष्माला सोबत घेऊन भिवंडीला पोस्टात गेले.

काउंटरवर एक पोक्त बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. केसरीनाथांनी जाळीतून पासबुक आत सरकवलं आणि आवाज खाली आणला.

"म्याडम, आमच्याकरं तपासनीला कवा येताव? चुली तयार हायत."

बाईंनी चष्मा लावला. "कसल्या चुली?"

"मातीच्या. तीन. काजळी पन धरलीय."

बाईंनी करिष्माकडे बघितलं. करिष्मा छताच्या पंख्याकडे बघत होती. मग केसरीनाथांनी नियमापासून निवट्यांपर्यंत सगळं सांगितलं. मागे रांग लागली होती, पण रांगेतलं कोणी कुरकुर करेना. सगळे मन लावून ऐकत होते.

"अहो काका," बाई म्हणाल्या, "नवीन खातं उघडता येणार नाही, एवढाच नियम आहे. तुमचं जुनं आहे. ते मुदतीपर्यंत चालू राहणार, व्याज मिळणार, त्याच्यावर करही नाही. अजून सात वर्षं आहेत. तुम्ही एका चुलीवर जेवा नाहीतर दहा चुलींवर, पोस्टाला काय करायचंय?"

"म्हंजे मी अजून कर्ता हाय?"

"इथे तर तसंच लिहिलंय."

केसरीनाथांना बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण मध्ये जाळी होती. बाहेर पायरीवर आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. "बगितलास? आजच सांजच्याला फोडतू चुली. तुजी आय, हौसा, सगली परत एका घरान." मग त्यांना राग आला. "पन काय गो, तू एजंट ना? तुला ठावं नव्हतं?"

"होतं की," करिष्मा म्हणाली. "मी दुसऱ्याच दिवशी पोस्टात विचारून आले होते. घरी सांगितलंसुद्धा."

"कोनाला?"

"आईला आणि हौसाकाकीला."

"मंग?"

"त्या म्हणाल्या, चुली घालून होऊ दे, मग बोल."

केसरीनाथांनी पायरीवरच बूड टेकलं. भावजयांचं एक वेळ समजू शकत होतं, परक्या घरच्या मुली त्या. "आनि आक्का?" त्यांनी विचारलं. "आक्काला कललं असतं तर तिनं मना सांगितला असता."

करिष्मा थोडा वेळ चपलेने पायरी घासत राहिली. "मोठे बाबा, आक्काच तर म्हणाली, ह्यांना बोलू नको म्हणून."

परतीच्या रिक्षात पासबुक एकदाही उघडलं गेलं नाही. केसरीनाथांच्या मनाला फार लागलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्यापासून काही लपवलं असेल, तर ते मुलांचे मार्क. अंजूरफाट्यापर्यंत त्यांनी मनाशी एक भाषण जुळवलं. उद्यापासून चूल एक. ज्याला पटत नसेल त्याने तसं सांगावं. आणि आक्काला सगळ्यांसमोर विचारायचं, मी तुझं काय वाईट केलं?

घरी आले तर घर रिकामं. पडवीतली चूल थंड, गॅलरीतली थंड, जिन्याखालचीही. नातवाने सांगितलं, आक्का आणि दोन्ही काक्या सकाळीच मंगळीबरोबर अकलोलीला गेल्या, कुंडावर. जेवण? आपापलं बघायला सांगितलंय. केसरीनाथ आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले. साखरेचा डबा शोधता शोधता त्यांना पाच डबे डाळींचे सापडले. शेवटी गूळ आणि पोहे घेऊन ते ओटीवर आले आणि भाषणाची उजळणी करत बसले.

उन्हं कलली तेव्हा फाटकापाशी सहा आसनी रिक्षा थांबली. आत बायका हसत होत्या. त्यातलं एक हसणं मोठं, खरखरीत, अगदी पोटातून आलेलं. हे कोणाचं म्हणून केसरीनाथ कान देऊन ऐकू लागले. हौसाचं नव्हे, तुळजाचं तर नव्हेच. मग आक्का खाली उतरली, ओले केस मोकळे, आणि हसता हसता तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला. ते हसणं तिचं होतं. चौतीस वर्षं ज्या बायकोबरोबर काढली, तिचं हसणं त्यांना ओळखता आलं नव्हतं. हौसाने तिचा हात धरला होता. एका चुलीवर सव्वीस वर्षं राबल्या त्या दोघी, पण 'हो आक्का', 'न्हाय आक्का' यापलीकडे हौसा कधी तोंड उघडत नसे. आज ती तिला चापट मारून म्हणत होती, "पुरं गो, दात पडतील."

मग त्यांना ओटीवर केसरीनाथ दिसले, मांडीवर पासबुक. तिघींचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. हौसाने पदर डोक्यावर घेतला. तुळजाने करिष्माकडे बघितलं आणि करिष्माने मान खाली घातली. आक्का पायऱ्यांपाशी आली. आज तिने गुडघ्यावर हात ठेवला नव्हता.

"पोस्टान गेलं व्हतं?"

"गेलू व्हतू."

"काय बोलला सायेब?"

तिला उत्तर माहीत होतं. आपल्याला ते माहीत आहे हे आता नवऱ्यालाही कळलंय, हेसुद्धा तिने त्यांच्या तोंडावरून ओळखलं असावं, कारण तिने नजर काढून घेतली नाही. ती फक्त थांबली, चूल विझवायला सांगितली तर पाणी आणायला जाईन अशी. केसरीनाथांनी जुळवलेलं भाषण तोंडाशी आलं. त्यांनी ते पोह्यांच्या शेवटच्या घासाबरोबर गिळलं.

"तपासनी व्हनार हाय," ते म्हणाले. "कवा, ते न्हाय सांगत. कवा बी यतील."

करिष्माने चमकून वर बघितलं. केसरीनाथांनी तिच्याकडे असे डोळे वटारले, की ती लगेच पंख्याकडे बघू लागली. ओटीवर पंखा नव्हता.

"मंग चुली मोडून चालायचं न्हाय," आक्का म्हणाली.

"न्हाय."

"किती वरीस?"

"खात्याची मुदत सात वरीस हाय. तोवर तरी न्हाय."

"सात!" हौसाच्या तोंडून निघालं, आणि ती घाईघाईने गॅलरीकडे पळाली. तुळजा तिच्या मागे गेली. जिन्यावर दोघींनी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज खालपर्यंत आला.

आक्का मात्र गेली नाही. ती नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली, दोघांत पासबुकाएवढं अंतर ठेवून. त्यांच्या हातातली पोह्यांची ताटली तिने काढून घेतली, आत गुळाचे खडे चिकटलेले बघितले आणि ती बाजूला ठेवली. केस झटकताना तिच्या अंगाला कुंडातल्या गंधकाचा वास येत होता. दोघं गोडाऊनकडे जाणारे ट्रक बघत बसले.

"पुढल्या मंगलवारी तुमी पन चला," ती म्हणाली. "बाप्यांचा कुंड येगला हाय."